पाचवी समिती आणि घंटागाडी



टाकण्याच्या क्रियेला आपल्या धर्मात एक स्वतंत्र शब्द आहे, परठवणे. "फेकून दे" असं साधू-साध्वी कधी म्हणत नाहीत, "परठवून ये" म्हणतात. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि परिष्ठापना या पाच समित्या आपण पाठशाळेत पाठ केल्या, पण पाचवीवर कुणी फारसं थांबत नाही, कारण तिचा विषय मळ, मूत्र, कफ, उरलेलं आणि निरुपयोगी झालेलं असा आहे. खरं तर चालण्या-बोलण्याच्या आणि खाण्याच्या बरोबरीला आपल्या परंपरेनं टाकणं बसवलं आहे. जागा आधी डोळ्यांनी पाहायची, ओघ्यानं पुंजायची, तिथे जीव नाही याची खात्री करायची आणि मगच परठवायचं. संघ चातुर्मासाची विनंती करतो तेव्हा स्थानकाजवळ स्थंडिलाची जागा आहे का, हेही बघावं लागतं. टाकायची जागा नीट नसेल, तर राहायची जागाही चालत नाही.

आम्हा गृहस्थांच्या घरातही त्याची सावली आहेच. उष्टं ४८ मिनिटांच्या पुढे ठेवायचं नाही, कारण त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात. ताटली धुऊन पिणारे आजही प्रत्येक घरात एक-दोन सापडतील. पाणी गाळल्यावर गाळणं कसं आणि कुठे झटकायचं, हेसुद्धा सासूबाईंनी हात धरून शिकवलेलं असतं. एवढी जयणा दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरात असेल असं मला वाटत नाही.

आणि मग सकाळी घंटागाडीचं गाणं वाजतं. आपण दुधीच्या साली, ओला चहा, औषधाची रिकामी पट्टी, फुटलेली काचेची बाटली आणि बाळाचा डायपर असं सगळं एका काळ्या पिशवीत कोंबून तिला गच्च गाठ मारतो आणि गाडीत टाकतो. आपली जयणा तिथे, उंबरठ्यावर संपते. ती गाठ कुणीतरी हातानं सोडतं. सोडणारी व्यक्ती पंचेंद्रिय जीव आहे. गाळण्यातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी आपण थांबतो, मग काचेनं कापणाऱ्या बोटांसाठी का थांबत नाही, हा प्रश्न मला अलीकडे सोडत नाही.

नंदुरबार फार मोठं शहर नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ११ हजार होती. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, वसाहती वाढल्या, हॉटेलं आणि मंगल कार्यालयं वाढली. शहादा, तळोदा, नवापूर याही गावांचं तेच झालं. कचरा त्यांच्याही पुढे पळाला, कारण तो माणसांच्या संख्येनं नाही, पाकिटांच्या संख्येनं वाढतो. पूर्वी किराणा कागदाच्या पुडीत यायचा, तेल घरून नेलेल्या बरणीत. आता पाच रुपयांच्या शेवेलाही चकचकीत पाकीट लागतं, आणि ते पाकीट कुठलाच भंगारवाला घेत नाही.

कचऱ्यावर बोलणं निघालं की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. बायका म्हणतात, "नगरपालिका काही करत नाही." नगरपालिकेतले म्हणतात, "लोकांना सवयच नाही." दोन्ही खरी धरली तरी त्यातून एक बादलीही वेगळी होत नाही. कचऱ्याचा मालक एक नसतो. माझ्या ओट्यापासून शेवटच्या ढिगापर्यंत त्याला सात-आठ हात लागतात, आणि ते हात एकमेकांना ओळखत नाहीत. मी साली वेगळ्या केल्या आणि गाडीत एकच कप्पा असला, तर माझी मेहनत वाया. गाडीत दोन कप्पे आहेत आणि गल्लीनं एकत्रच दिलं, तर गाडी वाया. दोन्ही जमलं आणि पुढे खत करणारा नसला, तर सगळंच एका खड्ड्यात. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरांना ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितलं होतं आणि नगरपालिकेला कचरावेचकांना सामावून घ्यायला सांगितलं होतं. कागदावर साखळी पूर्ण आहे.

आता ओल्या कचऱ्याबद्दल, कारण आपल्या घरांत खरा अडसर तिथे आहे आणि बाहेरच्यांना तो कळत नाही.

घरी खत करा, असं सांगायला कुणी आलं की आपल्यातल्या अनेक जणी गप्प बसतात. त्यांच्या मनात असतं की त्या डब्यात जीव उपजतील, हलवताना मरतील, आणि ते पाप आपल्या माथी. ही शंका हसण्यावारी नेणाऱ्या लोकांचा मला राग येतो. ज्या बाईनं आयुष्यभर कंदमुळं खाल्ली नाहीत, सूर्यास्तानंतर पाणी प्यायली नाही, तिला अळ्यांनी भरलेला डबा गच्चीवर ठेव म्हणणं सोपं नाही. पण तिचा पुढचा हिशोब मला पटत नाही. डबा नको म्हणून ती साली पिशवीत बांधते. त्या सालींमध्ये जीव उपजायचे थांबतात का? ते गाडीत उपजतात, ढिगात उपजतात, आणि कितीतरी पटीनं उपजतात, कारण हवा न मिळणारा ओला ढीग कुजतो. कुजताना मिथेन वायू होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीनं अर्धी मुंबई धुरात कोंडली होती. त्या ढिगात किती जीव जळाले असतील, कुणी मोजावं! आणि त्याची आलोयणा कुणी घ्यायची? आपल्या घरात घडलं नाही म्हणून ते आपल्या हातून घडलं नाही, हे म्हणणं मला जैन वाटत नाही. करणे, करवणे आणि अनुमोदन, तिन्हीचा विचार आपल्याला शिकवलेला आहे.

माझ्यापुरता तोडगा असा आहे. साली बारीक चिरून त्याच तासात कोरड्या पाल्याच्या थरात घालायच्या आणि वर पुन्हा पाला. ओल राहिली नाही तर वास येत नाही, अळ्या पडत नाहीत. पाला भुसभुशीत असला की हवा खेळते आणि फार हलवावंही लागत नाही. शिजलेलं अन्न त्यात घालतच नाही. गांडूळखत मात्र मी ठेवत नाही. जीव मुद्दाम आणून डब्यात कोंडून कामाला लावणं मनाला येत नाही, आणि त्यावर कुणी कितीही वाद घातला तरी मी ऐकणार नाही. ज्यांनी तसा नियमच घेतला असेल त्यांनी पाल्याचाही डबा ठेवू नये. पण ओलं वेगळं, उघड्या बादलीत, पिशवीशिवाय द्यावं. एवढ्याला कुठलंच पच्चक्खाण आड येत नाही.

पिशवीशिवाय, हे दोनदा वाचा. गाठ मारलेली पिशवी गाय सोडू शकत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. आंध्र प्रदेशातल्या पुट्टपर्ती इथल्या करुणा सोसायटी या संस्थेनं मोकाट गायींवर शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा पोटातून कित्येक किलो प्लॅस्टिक निघालं, आणि २०१२ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आपण पांजरापोळीला पावती फाडतो, जीवदयेच्या पेटीत पैसे टाकतो, संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना खमावतो. आणि दुसऱ्या दिवशी भाताचं उष्टं पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवतो. पांजरापोळीत आणलेली ती गाय आपल्याच गल्लीतून गेलेली असू शकते.

पुण्याचं उदाहरण मला यासाठी आवडतं की तिथे सुरुवात कचऱ्यापासून झाली नाही, कचरा वेचणाऱ्या बायकांपासून झाली. त्यातल्या बऱ्याच जणी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या. १९९० च्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यांच्यापर्यंत पोचल्या. बाबा आढाव पाठीशी होते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आधी ओळखपत्र, मग पतपेढी, मग भंगाराचं दुकान, असं एकेक. त्यातून पुढे "स्वच्छ" ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. आज तीन हजारांहून जास्त कचरावेचक त्यात काम करतात. त्यातली बाई दारोदार जाते, ओला-सुका वेगळा घेते, प्रत्येक घर तिला महिन्याचं शुल्क देतं, आणि सुक्यातलं भंगार विकून येणारे पैसे तिचेच असतात. महापालिका हातगाड्या, हातमोजे, वर्गीकरणाची जागा आणि पुढची वाहतूक बघते. हे सगळं सुरळीत चालतं असं नाही. करार संपत आला की दर वेळी ओढाताण होते, कंपन्यांच्या मोठ्या गाड्या आणाव्यात असं म्हणणारे कायम असतात. तरी ती व्यवस्था टिकली, कारण कचरा वेगळा राहण्यात त्या बाईची रोजची भाकरी आहे. तिला कुणी उपदेश करावा लागत नाही. उलट आपण मिसळून दिलं तर तीच दारात उभी राहून सुनावते. असं सुनावण्याचा तिचा अधिकार सगळ्यांना मान्य असणं, ही मला त्या कराराची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

त्यांचीच एक युक्ती आपल्या घरांत उद्यापासून चालेल. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. म्हणजे कागद बघूनच कळतं की आत काय आहे, आणि ते उघडावं लागत नाही. आपल्याकडे त्या चार दिवसांत कुठे बसायचं, कशाला शिवायचं नाही याचे नियम बारीक आहेत. आपण स्वतः जे हातात धरायला कचरतो, ते दुसऱ्या बाईनं उघड्या हातानं चिवडावं, हे मात्र कुणाला खटकत नाही. २०१६ च्या नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्याचं वेष्टन सोबत देण्याची जबाबदारी घातली होती. म्हणजे या साखळीत फक्त आपण, गाडी आणि नगरपालिका नाही, कारखानदारही आहे. २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीतही दुधाची रिकामी पिशवी पन्नास पैशांना परत घ्यायची तरतूद होती. तुमच्या दूधवाल्यानं कधी घेतली? (पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, चिकटलेला राहू द्या. तो इवलासा तुकडा गटारीत जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही.)

पुणे मोठं, आपलं काय, असं कुणी म्हणेल. तर वेंगुर्ला घ्या. सिंधुदुर्गातलं जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव. रामदास कोकरे तिथे २०१५ मध्ये मुख्याधिकारी म्हणून आले आणि घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायचा, मिसळलेला घ्यायचाच नाही, असा आग्रह धरला. पुढे डेपोवर त्याचे वीसहून अधिक प्रकार होऊ लागले. ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग. लोक तो डेपो बघायला जातात! आपलं तळोदा किंवा नवापूर वेंगुर्ल्यापेक्षा मोठं असलं, तरी एका मुख्याधिकाऱ्याला गल्लीन् गल्ली पायी फिरता येईल एवढंच आहे. मात्र मुख्याधिकारी बदलून जातात, कोकरेही पुढे बदलून गेले. गावात राहतात त्या गल्ल्या, तिथले दुकानदार, वेचणाऱ्या बाया आणि संघ. म्हणून नुसत्या चांगल्या अधिकाऱ्याची वाट पाहणं मला पुरेसं वाटत नाही.

साखळीच्या शेवटच्या टोकाला शेतकरी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला विसरून चालणार नाही. शहादा-तळोद्याकडे केळी, पपई, ऊस, नंदुरबारच्या आसपास मिरची. शेणखत मिळत नाही म्हणून सगळेच रडतात. शहराच्या ओल्या कचऱ्याचं खत शेतात जावं म्हणून राज्य सरकारनं "हरित महासिटी कंपोस्ट" नावानं त्याला ओळखही दिली. पण खताच्या पोत्यात काचेचा तुकडा आणि शाम्पूची पुडी निघाली, तर शेतकरी दुसऱ्यांदा पोतं घेईल का? आणि त्यानं का घ्यावं? तो तुकडा माझ्या ओट्यावरून गेलेला असतो. शहरालगतच्या गावांचंही तसंच. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घाणीचा वास घेऊन ती माणसं कंटाळली होती. त्यानंतर शहरात कित्येक दिवस रस्त्यारस्त्यावर कचरा साचला आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेकीपर्यंत गोष्ट गेली. ज्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी रस्ता अडवल्यावर सगळ्यांनी विचारलं.

आता संघाकडे येते, कारण लिहायला बसले ते त्यासाठीच.

पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असते, त्यामुळे आमच्यासारख्या घरांतली ओली बादली त्या आठ दिवसांत जवळजवळ रिकामी राहते. गंमत अशी की त्याच दिवसांत स्थानकाबाहेरचा कचरा वर्षातला सगळ्यात जास्त असतो. पारणं, स्वामीवात्सल्य, प्रभावनेची पाकिटं, पाण्याचे ग्लास. थर्माकोल २०१८ पासून बंद, म्हणून आचारी आता "कागदी" ताटं आणतो. त्यांना आतून प्लॅस्टिकचा मुलामा असतो, म्हणून ती ना कुजतात ना विकली जातात. तपश्चर्येचा मान म्हणून वाटलेली वस्तू प्लॅस्टिकच्या कागदात, तो कागद चिकट फितीनं बंद, आणि वर पुन्हा पिशवी. अनर्थदंडाचा त्याग हे आपल्या बारा व्रतांपैकी एक आहे. विनाकारण होणारी हिंसा म्हणजे काय याचं उदाहरण प्रवचनात देताना महाराजसाहेबांना दूर जावं लागणार नाही, मांडवाबाहेर बघितलं तरी पुरेल.

स्टीलची ताटं आणा म्हटलं की लगेच "धुणार कोण?" येतं. प्रश्न बरोबर आहे, कारण उत्तर नेहमी बायकाच असतात. माझं म्हणणं, ताटं संघानं घ्यावीत, धुणाऱ्या बायांना संघानं रीतसर मजुरी द्यावी, आणि तो खर्च स्वामीवात्सल्याच्या लाभार्थ्याच्या यादीतच धरावा. एका बोलीत तेवढे पैसे निघतात. जिथे पाण्याची टंचाई आहे तिथे वाळलेल्या पळसपानांच्या पत्रावळी आहेत. सातपुड्यात पळस कमी नाही, आणि त्या लावणारे हात मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात. पत्रावळी उन्हात ठेवून, झटकून, जयणेनं बघून घ्याव्यात, एवढंच.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. गाडीवरच्या बाईला आपल्या कितीजणींनी कधी नावानं हाक मारली आहे? तिनं उन्हाळ्यात पाणी मागितलं तर आपण ते कशात देतो? आपल्या घरातल्या भांड्यांचे नियम मला ठाऊक आहेत, मीही ते पाळत मोठी झाले आहे. पण कुणाला बरोबर बसवून बोलायचं असेल तर वेगळा पेला ठेवून ते बोलणं होत नाही. पुण्यात जमलं त्याच्या मुळाशी हे आहे की तिथे त्या बायका बैठकीत खुर्चीवर बसल्या. त्यांच्यासाठी निर्णय झाला नाही, त्यांच्यासोबत झाला.

म्हणून संघाच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. आषाढ चौदसला चातुर्मास बसायच्या आधी स्थानकात एक बैठक घ्या. नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक, आपल्या प्रभागातल्या गाडीवरचे दोघे-तिघे, कोपऱ्यावरचा भंगारवाला, वेचायला येणाऱ्या बाया, आपला नेहमीचा आचारी, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, खत घेऊ शकेल असा एखादा ओळखीचा शेतकरी, आणि महिला मंडळाच्या आपण. चार महिन्यांत किती जेवणं होणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यांच्या तारखा त्यांना द्या. ओलं किती वाजता उचलणार, सुकं कुणाच्या हाती जाणार, वेचणाऱ्या बाईला दिवसाचे किती देणार, हे तिथेच ठरवा आणि फळ्यावर लिहा. फलक, फेटे, हार नकोत. हारांचाही कचराच होतो.

वेळ मात्र संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतरची ठेवू नका. गाडीवरची माणसं पहाटे कामाला लागतात. त्यांना दुपारी दोनची वेळ सोयीची पडते. आपली वामकुक्षी त्या दिवशी राहील.